हिलोची आंटी

हवाईत वडीलधाऱ्या बाईला, ओळख असो-नसो, आंटीच म्हणतात. पण हिलोत पोरांना हुला नाच शिकवणारी आंटी म्हणजे अख्ख्या आळीची सासू. पोरं तिला ‘कुमू’, म्हणजे गुरू, म्हणतात. पोरांचे आईबाप तिच्या पाठीमागे काय म्हणतात, ते छापण्याजोगं नाही.

तिच्या दाराशी रबरी चपलांचा ढीग असतो. चपला काढल्या म्हणून आत जाता येत नाही. उंबऱ्याबाहेर रांगेत उभं राहून आत येण्याची परवानगी गाऊन मागायची, मग आतून आंटी गाऊनच ‘या’ म्हणणार. आवाज पडेल लागला, तर पुन्हा पहिल्यापासून. बाहेर हिलोचा पाऊस कोसळत असला तरी.

आत ती जमिनीवर बसलेली. समोर इपू हेके, म्हणजे एकावर एक जोडलेले दोन भोपळे. तो तिने जमिनीवर आपटून तळहाताने थापटला की पाय सुरू, आणि तिचं पालुपदही सुरू : “गुडघे! गुडघे वाकवा! अजून खाली!” ईस्टरनंतर मेरी मोनार्कच्या हुला स्पर्धा टीव्हीवर लागल्या की तिला फोन करू नये, ती पडद्यावरच्यांचेही गुडघे तपासत असते.

“हा पाऊस आहे की माशा हाकलतेयस?” असं ती पाच वर्षांच्या पोरीला विचारते. हुलात हात गाण्याचा अर्थ सांगतात, त्यामुळे अर्थ येत नसेल तर नाच नाही. अर्थ सांगता सांगता स्वारी इतिहासात शिरते. 1830 मध्ये काआहुमानू राणीने जाहीर हुलावर बंदी घातली, आणि 1883 मध्ये कालाकाउआ राजाने स्वतःच्या राज्याभिषेकात तो थाटात नाचवला. हे सांगताना आव असा, की राजाला गळ घालायला ही जातीने गेली होती.

होइके, म्हणजे घरच्यांसमोरचा कार्यक्रम, जवळ आला की घरोघरच्या फ्रीजरमधलं आइस्क्रीम बेघर होतं. तिथे टी नावाच्या झुडपाची (चहाशी संबंध नाही) लांब पानं येतात. गोठवून काढली की ती मऊ पडतात, मग मधली शीर सोलून त्यांचे घागरे आणि माळा. पानं तोडायची तीही झाडाला विचारून, लागतील तेवढीच. ओहिआची झाडं बुरशीच्या रोगाने मरताहेत, म्हणून त्यांच्या लाल लेहुआ फुलांना हात लावायचा नाही. कुणा हौशी आईने आणलीच, तर आंटी ओरडत नाही. नुसती बघते. कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्या खुर्च्या त्या आईने मांडलेल्या असतात.

आणि प्रत्यक्ष होइकेत? सगळ्यात धाकटी नाच सोडून आजीला टाटा करते. एवढी कडक बाई, पण भोपळ्यावरचा ठेका तसाच वाजवत राहते, पोरीचा टाटा संपेपर्यंत. आणि पुढची ओळ मगच उचलते.

मागच्या रांगेत, हातात खडे वाजवत एक बाप नाचत असतो. वर्गाच्या वेळांबद्दल तक्रार करायला आला होता म्हणे. आंटी आता त्याच्याच गुडघ्यांकडे बघते आहे.