प्ले गायब करणाऱ्या मिस्त्रीभाऊंस



मिस्त्रीभाऊ, तुमच्या हाताला तोड नाही. चाळिशीकडे झुकलेली प्रीमियर पद्मिनी, निम्मं आयुष्य काळ्या मातीच्या पांदणीत काढलेली, आणि स्टीअरिंगला टिचभरही प्ले नाही! कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हासुद्धा ती एवढी घट्ट नसेल. "हात लावून पाहा ना भाऊ, हालते काय?" असं तुम्ही सौद्याच्या वेळी छाती फुगवून म्हणालात. लावला हात. नाही हाललं. पुढे पुसदकडच्या घाटात वळण संपल्यावरही ते हाललं नाही. दोन्ही हातांनी ओढून सरळ करावं लागलं. तक्रार नाही हं, व्यायाम झाला.

आता गाडी नव्याने उभी करायची म्हणून खालून वरपर्यंत खोलली आहे, आणि तुमची कला एकेक करून उजेडात येते आहे.

सुरुवात स्टीअरिंग बॉक्सपासून. पद्मिनीच्या बॉक्समध्ये वर्म आणि रोलर असतो, हे तुम्हाला मी काय सांगणार? गाडी जन्मभर बहुतेक सरळच चालते, म्हणून वर्म झिजतो तो मधल्या भागात. दोन्ही टोकांना तो जवळपास नव्यासारखा राहतो. तुम्ही झाकणावरचा सेट स्क्रू मधला प्ले जाईपर्यंत आवळलात. मध्ये छान बसलं. पण तेवढाच आवळलेला रोलर वळणावर न झिजलेल्या भागात शिरला की अडकणारच, आणि वळण संपलं तरी चाक आपसूक परत येणार नाही. ड्रॉप आर्मपासून जोड सोडवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा फिरवलं असतं, तर हाताला लगेच कळलं असतं. मध्ये नीट बसवल्यावर कडेला जाम होत असेल, तर स्क्रूचं काम संपलं, वर्म-रोलर बदलायचा. पण बदलायला पैसे लागतात आणि स्क्रू आवळायला फक्त पाना.

गंमत म्हणजे कायद्यानेही तुम्हाला पकडता आलं नसतं. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 98 वा नियम म्हणतो, स्टीअरिंगचा मोकळा फेर 30 अंशांपेक्षा जास्त नसावा. चाकाचा व्यास 40 सेंटिमीटर धरला, तर कडेला हे दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त भरतं. सरकार उदार आहे. तुमची गाडी मात्र शून्यावर पास! नियमाला सैल स्टीअरिंग मोजता येतं, गळा आवळलेलं मोजता येत नाही.

त्याच नियमात पुढे आणखी दोन गोष्टी आहेत, तिथे मात्र तुम्ही सापडलात. बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात आणि पिना पक्क्या अडकवलेल्या हव्यात. टोप्या होत्या, नाही असं नाही. फाटलेल्या होत्या, त्यावर ग्रीसचा लेप आणि त्यावर चकचकीत काळा रंग. लेप पुसल्यावर आतून जे निघालं ते ग्रीस नव्हतं, आपल्याकडची काळी माती ग्रीसमध्ये कालवून झालेला मलम होता. टाय रॉड एंड आतून खात गेला, वरून नटासकट रंगवला गेला. आणि नटात स्प्लिट पिनच्या जागी काय? खिळा! तोही वाकवलेला, म्हणजे निष्काळजीपणाचा आरोप नको.

आयडलर आर्मचं तर काय सांगू. तो हात आपल्या पातळीत आडवाच फिरला पाहिजे, वरखाली उचलला गेला की बुश गेला असं समजायचं. इथे बुशच्या जागी ट्यूबच्या रबराचे तुकडे ठासलेले निघाले. कोणत्या ट्रकची ट्यूब होती ते सांगा, मालक शोधून परत करतो.

किंग पिनला तुम्ही हात लावला नाही, त्याबद्दल मात्र मनापासून आभार. निदान ती झीज खरी निघाली. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं तर खडखडलं. पोऱ्याला ब्रेक दाबायला लावला तरी खडखड तशीच. ब्रेक दाबल्यावर ती थांबली असती तर दोष व्हील बेरिंगचा. थांबली नाही म्हणजे किंग पिन. अशी एकेक झीज वेगळी ओळखता येते. स्टीअरिंग फिरतं पण ड्रॉप आर्म हलत नाही, तर बॉक्स. आर्म हलतो पण रॉड मागे राहतो, तर तो जॉइंट. त्यासाठी एक जण आत बसून स्टीअरिंग हळूच डावी-उजवीकडे हलवणारा आणि एक जण खाली आडवा झालेला लागतो. तुमच्या गॅरेजात माणसं कमी नव्हती. आडवं होण्याचा प्रश्न असावा.

सुट्या भागांचं म्हणाल, तर 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीलाही निरोप मिळाला. म्हणजे आता वर्म-रोलर मिळवणं म्हणजे सोयरीक जमवण्यासारखं, या गावात विचार, त्या गावात विचार. तुमचा युक्तिवाद मला पाठ आहे: "जुन्या गाडीले एवढं राह्यतेच भाऊ, पार्ट भेटते कुठं?" पार्ट मिळत नसेल तर गाडी विकू नये, किंवा विकताना सांगावं. रंग मात्र तुम्हाला बरोबर मिळाला.

एकच शंका उरली. सौदा होताना कौतुकाने दाखवलेल्या बिलात तुम्ही "स्टीअरिंग ओव्हरहॉल, सामान व मजुरीसह" असं लिहिलं आहे. ट्यूबचं रबर आणि खिळा यांतलं सामान कोणतं आणि मजुरी कोणती, तेवढं कळवावं.

आपला,
यवतमाळचं एक गिऱ्हाईक