आरसा फुटला, पगार कापा: नव्या लॉरीमालकांसाठी सहा सोपे पाठ

अभिनंदन! तुम्ही लॉरी घेतलीत. पुढच्या काचेवर सिद्धारूढ स्वामींचा फोटो लागला, बंपरला लिंबू-मिरची बांधून झाली, कर्जाचा पहिला हप्ताही गेला. हुबळीत लॉरी घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट असते: विजय संकेश्वरांनी १९७६ साली गदगमध्ये एका ट्रकवर धंदा सुरू केला, पुढे हुबळीत बस्तान बसवून हजारो गाड्या केल्या, आणि २०२२ मध्ये त्यांच्यावर सिनेमासुद्धा निघाला. ते कसं जमतं हे इथं सांगितलेलं नाही. या मार्गदर्शिकेचा विषय त्याहून फार लहान आहे. तुमची गाडी आज ना उद्या कुठंतरी घासणार. तो खर्च तुमच्या खिशातून जाऊ नये, एवढंच आपण शिकायचं.

साहित्य

ड्रायव्हर एक, शक्यतो परगावचा. घरात लग्न किंवा आजारपण असेल तर उत्तम. लाल पुठ्ठ्याची लांबट वही एक. पेन्सिल एक, पेन नको, पेनाचं खोडता येत नाही. ओळखीचं गॅरेज एक. नेमणुकीचं पत्र, पगाराची पावती वगैरे जिन्नस या कृतीत पडत नाहीत. चुकून पडले तर सगळी कृती नासते.

पाठ पहिला: आधी उचल द्या

नवशिके इथंच चुकतात. गाडी ठोकल्यावर ते ड्रायव्हरकडे पैसे मागायला जातात. त्याच्याकडे पैसे असते तर तो तुमची लॉरी कशाला चालवता? म्हणून पैसे आधी द्यायचे. मुलीचं लग्न, आईचं ऑपरेशन, घरावरचे पत्रे, कारण काहीही असो, सढळ हातानं उचल द्या. लोक तुम्हाला देवमाणूस म्हणतील. वहीत त्याच्या नावाचं पान उघडून त्यावर पहिला आकडा पडला की निम्मं काम झालं.

पुढे दर महिन्याला थोडी उचल फिटते, तेवढ्यात एखादा बंपर चढतो. उचल कुठं संपली आणि बंपर कुठं सुरू झाला हे त्या पानावरून कुणाला कळता कामा नये. आणि पान कधी शून्यावर येऊ देऊ नका. शून्यावर आलेला ड्रायव्हर दुसरा मालक बघतो.

पाठ दुसरा: अपघाताची पूर्वतयारी

अपघात एकट्या ड्रायव्हरला जमत नाही, त्यात मालकाचा हातभार लागतो. तो असा लावावा.

मागच्या टायरांची नक्षी गेली असली तरी ‘अजून एक खेप’ म्हणावं. हुबळीच्या अमरगोळ बाजारातून ब्याडगी मिरची भरताना पोती केबिनच्या वरपर्यंत रचावीत. मिरची हलकी, वजन भरत नाही, मग उंची भरायची. ताडपत्री ओढून दोर आवळले की वळणावर गाडी कशी झुलते ते ड्रायव्हर बघून घेईल. लोखंड किंवा सिमेंट असेल तर उलट करावं, उंची सोडून वजन भरावं. ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, हे खरं. पण वहीत त्यालाही जागा आहे. चलनावर गाडीचा नंबर असला तरी पानावर नाव ड्रायव्हरचं असतं.

मग झोप. वाशीचा बाजार हुबळीहून साडेपाचशे किलोमीटरच्या घरात. गाडीला ताशी ८० च्या वर जाऊ न देणारा गव्हर्नर बसवलेला, मध्ये घाट, टोल, पुण्याची गर्दी. सरासरी चाळीसची पडली तरी तेरा-चौदा तास झाले. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाचे ८ तास ठरवले होते, लांब पल्ल्याला परवानगीनं फार तर १०. तो कायदा आता नव्या संहितेत विरघळला. ड्रायव्हरची झोप त्याच्या आधीच विरघळली होती. तुम्ही फक्त दर दोन तासांनी फोन करायचा आणि विचारायचं, ‘कुठं पोचला रे?’

शेवटी रस्ता. पुणे-बंगळूरु महामार्ग अलीकडे-पलीकडे ऐसपैस, पण धारवाडच्या नरेंद्र क्रॉसपासून हुबळीच्या गब्बूरपर्यंतचा बायपास वर्षानुवर्षं दोनच पदरी राहिला. मध्ये दुभाजक नाही, आणि वर टोल. १५ जानेवारी २०२१ च्या सकाळी याच रस्त्यावर इटिगट्टीजवळ दावणगेरेहून गोव्याला सहलीला निघालेल्या मैत्रिणींची गाडी टिपरवर आदळली, आणि तेव्हा सगळ्या देशाला या बायपासचं नाव कळलं. ड्रायव्हर लोकांना ते आधीपासून पाठ होतं. आता रुंदीकरण चाललंय. ते पुरं होईपर्यंत इथं जे काही होईल ते ‘ड्रायव्हरची चूक’ या सदरात लिहावं.

पाठ तिसरा: विमा आहे हे विसरा

गाडीचा विमा तुम्ही काढलेला असतो, तो अशाच प्रसंगासाठी. पण बारीक अक्षर वाचा. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत टायर-ट्यूब, दिवे, मडगार्ड, बॉनेटच्या बाजू, बंपर आणि रंग हे साधारणपणे धरत नाहीत. ते हवे असतील तर ‘आयएमटी २३’ नावाचं कलम जादा हप्ता भरून घ्यावं लागतं. म्हणजे लॉरीचं जे सगळ्यात आधी फुटतं तेच नेमकं बाहेर. हुशार मालक तो जादा हप्ता वाचवतो. त्याचं आयएमटी २३ स्टिअरिंगमागे बसलेलं असतं.

दुसरं, वर्षभर क्लेम केला नाही तर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात पुढच्या वर्षी २० टक्के सूट मिळते आणि ती वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. तेव्हा लहानसहान पोचा, फुटका दिवा, वाकलेला फाळका यांचा क्लेम करूच नये. पैसे ड्रायव्हरच्या पगारातून, बोनस तुमच्या पॉलिसीवर. अगदीच मोठं काम निघालं तर क्लेमही करावा आणि कपातही. विमा कंपनीला वही दिसत नाही, ड्रायव्हरला क्लेमचा कागद दिसत नाही.

पाठ चौथा: किंमत कशी लावावी

समजा आरसा फुटला. दुकानात तो हजाराला मिळतो. वहीत हजार लिहाल तर तुम्ही कच्चे. असं लिहावं: आरसा एक हजार, ब्रॅकेट पाचशे, दाराला रंग दोन हजार (दाराला मागच्या वर्षीचा पोचा होताच, तोही या निमित्तानं निघतो), मजुरी आठशे, गाडी एक दिवस उभी राहिली त्याचं भाडं तीन हजार. झाले सात हजार तीनशे. वरचे तीनशे सोडून द्या. ‘घरचा माणूस आहेस म्हणून’ असं मोठ्यानं म्हणा. सूट दिलेला आकडा कुणी तपासत नाही.

पाठ पाचवा: विचारू नका

हा पाठ सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून उदाहरणासह देतो.

घरचं सामान पुण्याला पाठवायचं होतं म्हणून मी एकदा हुबळीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत बसलो होतो. पन्नाशीचा एक ड्रायव्हर आत आला. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. टेबलावर ठेवून त्यानं फडकं उलगडलं: आरशाचा वाकलेला ब्रॅकेट आणि काचेचे चार-पाच तुकडे. रात्री तीनला बायपासवर समोरून येणाऱ्या लॉरीचा आणि याचा आरसा एकमेकांना लागले. गाड्या थांबल्या नाहीत, थांबायला जागा नव्हती. त्यानं टोलपाशी गाडी लावून दाराशी अडकलेले तेवढे तुकडे वेचून आणले होते. मालकाला वाटू नये की आरसा विकला.

हिशेबनिसानं तुकड्यांकडे पाहिलंच नाही. वही उघडली आणि लिहायला लागला.

‘समोरचा मधोमध आला री,’ ड्रायव्हर म्हणाला. ‘मी डावीकडं किती घेऊ? खाली चारी होती.’

‘मग? रस्ता काय मालकानं बांधला?’

‘मी बी नाही बांधला री.’

हिशेबनिसाचं लिहून झालं होतं. मला मात्र तो दुसरा आरसा दिसत राहिला. समोरच्या लॉरीचाही फुटलाच असणार. तिचा ड्रायव्हरही त्या दिवशी दावणगेरेला नाहीतर कोल्हापुरात अशाच एका टेबलासमोर उभा असणार, आणि त्याच्याही पानावर ‘चूक’ लिहिली जात असणार. एका टकरीत दोघेही शंभर टक्के दोषी. हे गणित फक्त वहीतच सुटतं.

पाठ सहावा: धोके आणि खबरदारी

औषधाच्या बाटलीवर लिहितात तसं इथंही लिहायला हवं. १९३६ साली, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात, पगार देण्याविषयीचा कायदा झाला. त्यानं सांगितलं की कामगाराच्या ताब्यात जपायला दिलेली वस्तू थेट त्याच्याच हयगयीनं बिघडली तरच तिचे पैसे पगारातून कापता येतील. तेही झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त नाही, आणि त्याला आपली बाजू मांडू दिल्याशिवाय तर नाहीच. धावती लॉरी ही जपायला दिलेली वस्तू की कामाचं हत्यार, हा वाद वकील घालतील. पण माणसाला आधी विचारा, एवढं इंग्रज सरकारलाही सुचलं होतं.

त्या कायद्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता आली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिनं या अटी तशाच ठेवल्या. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त नकोत. प्रत्येकाला पगाराची पावती द्यायची. माणूस काम सोडून गेला किंवा काढला तर त्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा. चुकीच्या कपातीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. दावा झालाच, तर पैसे दिले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची, आणि कापलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई द्यावी लागू शकते. पेन्सिलीनं लिहिलेल्या वहीचं तिथं काय होईल, याचा विचार करून ठेवा.

घाबरू नका, सहसा कुणी तिथवर जात नाही. ड्रायव्हर एकत्र येतच नाहीत असं नाही: जानेवारी २०२४ मध्ये देशभर चाकं थांबली होती. ठोकून पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत कैद देणाऱ्या, नव्या न्याय संहितेतल्या कलमाविरुद्धचा तो संप. पंपांवर रांगा लागल्या, सरकारनं चर्चेचं आश्वासन दिलं, आणि १ जुलैला ती संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं गेलं. पण फुटलेल्या आरशासाठी अजून कुणी चक्का जाम केलेला नाही. आरसा एकट्याचा फुटतो.

आता मार्गदर्शिका बाजूला ठेवून दोन शब्द. लॉरीमालक हा काही कुबेर नसतो. एका गाडीचा मालक बँकेचा हप्ता, डिझेल आणि महिनोन्‌महिने अडकलेलं भाडं यांच्या मध्ये चेपलेला असतो. त्यातले कितीतरी कालपर्यंत स्वतः ड्रायव्हर होते. दारू पिऊन गाडी घातली, आडवाटेला नेली, तर माणसाला जाब विचारायलाच हवा, आणि कायदाही विचारू देतो. पण लाखांच्या गाडीला रोज रस्त्यावर घासणं-लागणं होणार, हा धंद्याचा खर्च आहे, डिझेलसारखाच. खेप नफ्यात गेली तर ड्रायव्हरला ठरलेला पगार आणि भत्ता मिळतो, नफ्यात वाटा मिळत नाही. मग तोट्यात त्याला भागीदार कुणी केलं?

ही मार्गदर्शिका चुकून एखाद्या ड्रायव्हरच्या हाती पडली असेल, तर त्याच्यासाठी एकच पाठ. त्या दिवशी कचेरीतून निघण्याआधी त्या माणसानं एक गोष्ट केली. हिशेबनीस चहा घ्यायला उठला तेव्हा त्यानं वही आपल्याकडे फिरवली, खिशातून फोन काढला आणि आपल्या पानाचा फोटो घेतला. मग काचा पुन्हा फडक्यात बांधल्या आणि गाडीकडे गेला. तुम्हीही तेवढं करा. पगार कापला की त्या पानाचा फोटो काढा, तारखेसकट. तो तीन वर्षं जपा.