माशांच्या शिध्याबाबत निवेदन

विषय लांबचा आहे, थेट अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातून जुळे सोलापुरात आलेला.

माझ्या हॉलमधल्या चार फुटी टाकीत सहा डिस्कस आहेत. थाळीसारखा गोल, चपटा मासा. पाणी २८ ते ३० अंशांचं लागतं, आणि वाढत्या वयात दिवसातून चार-पाच वेळा खायला लागतं. नुसत्या कोरड्या दाण्यांवर तो हवा तसा भरत नाही, असा माझा अनुभव. म्हणून खाद्य घरी करायचं ठरवलं आणि तिथूनच अन्याय सुरू झाला.

कुठलीही कृती काढा, पहिली ओळ ठरलेली: बैलाचं हृदय घ्या. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल कापायला बंदी आहे. कायदा त्याच्या जागी, त्यावर माझी हरकत नाही. हरकत कृती लिहिणाऱ्यांवर आहे. पर्याय म्हणून ते टर्कीचं हृदय सुचवतात. आसरा चौकापासून विजापूर रोडपर्यंत मी विचारत गेलो, टर्की कुणाकडेच नव्हती. बरं, रानातला डिस्कस खातो काय? शेवाळ, तळाचा कुजका पालापाचोळा आणि पाण्यातले बारीक किडे. बैल त्याच्या सात पिढ्यांनी पाहिलेला नाही. तरी त्याच्या नावावर हा शिधा मंजूर कुणी केला?

मग बोकडाचं दिल आणायला लागलो. ते जेमतेम मुठीत मावतं, त्यामुळे एका वेळी सहा-सात लागतात. मटणवाला विचारतो, "किती पावणे आलेत ओ काका?" सहा आलेत म्हणतो. खोटं नाही.

घरी आल्यावर पाऊण तास सुरी चालते. शिरा, जाळं, चरबी, सगळं काढावंच लागतं. रविवारचा रस्सा गार झाल्यावर वर जो पांढरा थर धरतो, तो डोळ्यांपुढे आणा. बोकडाची चरबी वितळायला चाळिसाच्या वर ऊब लागते. माशाच्या पोटात ऊब पाण्याइतकीच, म्हणजे तीस. तिथे ती वितळणार कशी? हे मटणवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "चरबीतच तर चव असती की ओ!" त्याचंही चुकलं नाही, पण त्याचं गिऱ्हाईक वेगळं.

निम्मा वाटा आता उजनीच्या चिलापीचा आणि सोललेल्या कोळंबीचा असतो. रोहू-कटला मी कच्चे घालत नाही. कार्पच्या कुळातल्या बऱ्याच माशांच्या कच्च्या मांसात ब-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं. शिजवलं की ते निकामी होतं. उकळत्या पाण्यातून काढलेला पालक आणि चार पाकळ्या लसूण, हे आमच्याच ओट्यावरचं.

इथपर्यंतही मी सोसलं असतं. पण जिलेटिन!

सगळं मिश्रण बांधायला जिलेटिन घाला, असं प्रत्येक कृतीत बिनदिक्कत लिहिलेलं असतं. लिहिणारा थंड मुलखातला. गेल्या मे महिन्यात बाहेर ४३ अंश आणि हीटर बंद असूनही टाकीत ३२. मी वडी सोडली. ती अर्ध्यावर उतरली, कडेने विरघळली आणि दोन मिनिटांत टाकीत तांबूस धुकं पसरलं. जिलेटिन तिशी-पस्तिशीतच पातळ होतं, ही साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. सहाही मासे एका कोपऱ्यात, कल्ले भराभर हलताहेत. निम्मं पाणी लगेच बदलावं लागलं. म्हणजे शंभर लिटर! नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. ते शंभर लिटर माझ्या घरच्या पिंपातलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी अर्ध्या बादलीत आंघोळ उरकली आणि माझ्याशी कुणी बोललं नाही. त्या लेखकाच्या घरी काही फरक पडला नसेल.

उत्तर होतं किराणा दुकानात. चायना ग्रास. तो एकदा धरला की पंच्याऐंशी अंशांपर्यंत हलत नाही. पाण्यात उकळायचा, बोट टेकवता येईल इतका निवला की खिम्यात ओतायचा. खिमा मात्र फ्रीजमधून काढलेला नको, नाहीतर गाठी होतात. मग पिशवीत पातळ थापून फ्रीझरला.

फ्रीझरवरून अजून वाद आहे. श्रावणात मटण घरात येत नाही, म्हणून महिन्याचा साठा आषाढातच करावा लागतो. मग तो फ्रीझरमध्ये असला तर चालतो का, यावर घरात निर्णय प्रलंबित आहे. तोवर स्टीलचा बंद डबा, वर चिठ्ठी आणि मिक्सरचं वेगळं भांडं, एवढ्यावर तडजोड झाली आहे.

काल संध्याकाळी नवी वडी सोडली. मोठ्या निळ्या नराने तुकडा तोंडात घेतला, थुंकला, मागे सरून पाहिला, परत घेतला. तुकडा शाबूत, पाणी आरशासारखं. मी काचेला नाक लावून बसलो होतो. तिसऱ्यांदा त्याने तो गिळला.