डॉनबाईंचा पूर

टोरंटो, जुलै २०२४

ती. आई-बाबांस सा. न.

कुकर लावलाय, तिसऱ्या शिट्टीपर्यंत लिहिते.

इथला हायवे बुडालेला टीव्हीवर पाहून तुम्ही फोन केलात. आम्ही टेकाडावर, कोरडे ठणठणीत! २०१९ ला कृष्णा दारात आली तेव्हा बाबा फोनवर म्हणत होते, "विशेष काही नाही, पायरीला लागलंय." तेच बाबा आता मला सामान माळ्यावर टाकायला सांगतात.

अहो, ही डॉन नदी जेमतेम ३८ किलोमीटर. शहराच्या उत्तरेला ओक रिजेस नावाचा हिमयुगातला वाळू-खड्यांचा उंचवटा आहे. तिथून पूर्व आणि पश्चिम डॉन निघतात, शहरात एकमेकींना मिळतात आणि ओंटारियो सरोवरात जातात. हरिपूरचा संगम पाहिलेल्या माणसाला हसू येईल. पण दोन्ही अंगांना सगळं डांबर नि सिमेंट, पाणी मुरायला जागाच नाही. १६ तारखेला विमानतळावर जवळजवळ ९८ मिलिमीटर पाऊस झाला आणि बाई दरीतल्या हायवेवर चढल्या. आयर्विन पुलाला किती फूट पाणी झालं, असं विचारत बसायलाही सवड देत नाहीत.

बाबा, आता खर्च ऐका. १८८० च्या दशकात हिचा खालचा भाग सरळ केला. पुढे तोंडाशी काटकोनात उजवीकडे वळवली. नदी म्हणजे काय रिक्षा आहे? आता तिला पुन्हा वळणं घेत सरोवरात जाऊ द्यायचं ठरलंय, त्याला सव्वा अब्ज डॉलरच्या वर खर्च. साठने गुणा. साडेसात हजार कोटी! भिंत पाडून परत बांधली म्हणून बंडूमामाला तुम्ही दहा वर्षं बोलताय. त्याची माफी मागा.

एवढं करून या नदीत निर्माल्य टाकायचं नाही, नारळ सोडायचा नाही. गणपतीसुद्धा नाही. मूर्ती शाडूची आहे म्हटलं, तरी नाहीच. मागच्या वर्षी बाप्पा बाल्कनीतल्या बादलीत. चिनूने विचारलं, "पुढच्या वर्षी बकेटमधूनच येणार का?" सगळे हसलो. तेवढ्यात आईने सरकारी घाटावरून फोन लावला, मागे ढोल वाजत होते, आणि मला काही केल्या बादलीत हात घालवेना. शेवटी ह्यांनी विसर्जन केलं.

भडंग पोचलं, संपलं. पुढच्या खेपेला लसूण जास्त घाल गं, आई. शैलाआत्याला सांग, मी फोन उचलत नाही कारण ती आमच्या रात्री दोनला करते.

पिंकीला कोल्हापूरचं स्थळ आलंय ना? पगार मागाहून विचारा. घर पूररेषेच्या आत की बाहेर, ते आधी.

शिट्टी झाली.

तुमची,
मीनल