नाना केनियाला निघतात

नानांनी पीतज्वराची लस आधी टोचून घेतली आणि कुठल्या देशात जायचं ते मागाहून ठरवलं. ही लस पूर्वी दहा वर्षं चालायची. २०१६ पासून एकदा घेतली की जन्मभराची धरतात. शिवाय साठी उलटली की ती देताना डॉक्टर मागेपुढे बघतात. नाना वीज मंडळातून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेले, म्हणजे हातात मोजून दोन वर्षं. घेऊन टाकली. पिवळं कार्ड, त्यावरचा शिक्का आणि हाताने लिहिलेला पासपोर्ट नंबर सोसायटीतल्या सगळ्यांना दाखवून झाल्यावर माई म्हणाल्या, "एवढं टोचून घेतलंय तर वाया नको जायला." म्हणून केनिया.

असे नाना डोंबिवलीत, कोथरुडात, नाशकात, जिथे लिफ्ट आणि वॉचमन आहे तिथे सापडतातच. प्रवास म्हणजे त्यांच्या लेखी तयारीचा शेवटचा आठवडा. मार्चमध्ये त्यांनी वहीवर 'केनिया' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. निघायचं होतं जुलैत.

"आपण विषुववृत्तावर चाललोय," हे वाक्य ते दूधवाल्यालाही ऐकवत. कर्कवृत्त वरच्या वर गुजरात, मध्य प्रदेशातून निघून जातं, त्यामुळे डोंबिवलीसकट अख्खा महाराष्ट्र उष्ण कटिबंधातच मोडतो, हे मी एकदा भीतभीत सुचवून पाहिलं. नाना गंजीफ्रॉकने मान पुसत म्हणाले, "आपली उष्णता घरची आहे हो. तिकडची परकी."

नानांचा खरा विषय मात्र डास. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे एक गंजका पिंप आहे. त्याच्यापाशी आम्हाला उभं करून त्यांनी समजावलं की पीतज्वर पसरवतो तो एडिस इजिप्ती, म्हणजे आपल्याकडे डेंग्यू देतो तोच, दिवसा चावणारा. "डास आपल्याकडे तयार आहे, फक्त रोग यायचा बाकी आहे! म्हणून तर परत येताना विमानतळावर कार्ड मागतात. नसेल तर सहा दिवस डांबून ठेवतात." हे बोलताना स्वतःच्या पोटरीवर त्यांनी दोनदा फटका मारला. घरच्या खिडकीची जाळी गेल्या गणपतीपासून फाटलेली आहे. पण केनियासाठी त्यांनी चेहऱ्यावर ओढायची जाळीची टोपी आणली आणि ती घालून जिना उतरून पाहिला. तिसऱ्या मजल्यावरचं मूल रडायला लागलं.

मग मलेरिया. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लीन लिहून दिली. निघण्याच्या आदल्या दिवशी सुरू करायची, रोज घ्यायची आणि परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. रोज जेवून उठल्या उठल्या आडवं होणाऱ्या माणसाला हे अवघड. नानांनी एप्रिलपासून गोळीशिवायच अर्धा तास उभं राहायचा सराव केला. त्या अर्ध्या तासात माई त्यांच्याकडून लसूण सोलून घेत.

कपड्यांचा घोळ त्से त्से माशीने घातला. ही माशी निळ्या आणि काळ्या रंगावर येते. तिला पकडायचे सापळेसुद्धा तिकडे निळ्या-काळ्या कापडाचेच लावतात. नानांचे नोकरीतले झाडून सगळे शर्ट निळे. तेव्हा माळ्यावरून धाकट्या बहिणीच्या लग्नातला राखी सफारी सूट उतरला. शिंप्याने कंबर सोडली, जितकी सोडण्यासारखी शिल्लक होती तितकी.

पण नाना खरे हादरले ते पिशव्यांनी. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे आणि ती आपल्यासारखी नाही. चाळीस लाख शिलिंगपर्यंत दंड किंवा चार वर्षांपर्यंत तुरुंग. महाराष्ट्राने २०१८ मध्ये बंदी आणली तेव्हा नानांच्या गादीखालची पिशव्यांची गंगाजळी जराही हलली नव्हती. त्यांचं सारं सामान बांधणं म्हणजे पिशवीत पिशवी: चपला पिशवीत, दाढीचं सामान पिशवीत, चिवडा पिशवीत, रिकाम्या पिशव्या वेगळ्या पिशवीत. चार वर्षांचा आकडा वाचून ते दोन दिवस गप्प होते. शेवटी माईंनी जुन्या अभ्र्यांच्या थैल्या शिवल्या. मेतकूट आणि लसणाची चटणी स्टीलच्या डब्यांत गेली, आणि सामान अडीच किलोने वाढलं.

दशम्यांच्या चळतीकडे बघून मी म्हटलं, "नाना, तिकडे चपाती मिळते. नावही चपातीच." मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये बांधली ती बरीचशी हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांनी, दुकानं टाकून गुजराती मंडळीही तिथे कधीची स्थिरावली. आपली पोळी तिकडच्या ताटात घरची झाली आहे. नाना शांतपणे म्हणाले, "त्यांची मैद्याची असते." आणि खरंच असते! या माणसाशी वाद घालायची हीच अडचण: माहिती त्याच्याकडे आधीच असते.

केनियाबद्दल निघण्यापूर्वी त्यांच्या तोंडून एकच चांगला शब्द निघाला, तो तिथल्या प्लगसाठी. तीन चौकोनी पिना आणि प्लगच्या पोटात फ्यूज. "याला म्हणतात शिस्त," ते म्हणाले. तरीही टेस्टर, चिकटपट्टी आणि एक्स्टेन्शन बोर्ड बॅगेत गेलेच.

निघायच्या आदल्या रात्री सहलवाल्यांचा निरोप आला: गरम कपडे जवळ ठेवावेत. नैरोबी जवळजवळ अठराशे मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही वर, आणि जुलै हा तिथला ऐन थंडीचा महिना. मसाई माराच्या पठारावरही पहाटे उघड्या जीपमध्ये कुडकुडायला होतं. नानांनी बॅग उघडली. त्यात घामोळ्यांची पावडर, सुती बनियनं, सब्जा, वाळ्याचा पंखा, दोन छत्र्या. लोकरीचा एक धागा नाही. वहीची पानं त्यांनी पुढून मागे आणि मागून पुढे उलटली. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्ही शेजारी मनातून सुखावलो.

माई आतून आपली बॅग घेऊन आल्या. दोन स्वेटर, शाल, दोन माकडटोप्या.

"तुला कुणी सांगितलं?" नाना.

"सांगायचं काय त्यात? परगावी जायचं तर माकडटोपी घ्यायचीच."

सहल चांगली झाली म्हणे. सिंह दिसला, फोटोत तो लांबवर गवतात आहे आणि पुढची सगळी जागा राखी सफारी आणि तपकिरी माकडटोपीने व्यापलेली आहे. दशम्या गाइडला आवडल्या. डास, नानांच्याच शब्दांत, "मिळाला नाही."

परत आले तेव्हा डोंबिवलीत पाऊस धो-धो चालू होता आणि गोळ्यांचे चार आठवडे बाकी होते. सोसायटीच्या बैठकीत गटार उपसून घेण्याचा विषय निघाला. देखरेखीला उभं कोण राहणार, यावर सगळे आपापले फोन बघू लागले. सेक्रेटरी म्हणाले, "नानांच्या गोळ्या चालू आहेत ना अजून?" ठराव एकमताने मंजूर झाला.

"ही गोळी मलेरियाची आहे, डेंग्यूला तिचा उपयोग नाही," नानांनी तिथल्या तिथे दुरुस्ती सुचवली. ती इतिवृत्तात नोंदवून घेण्यात आली. रविवारी सकाळी ते जाळीची टोपी घालून खाली उतरले. आधी मजुरांना त्यांनी टाकीमागच्या पिंपाशी नेलं आणि एडिसपासून सुरुवात केली.