कलम ६५, एवढी कसली भीती पातेल्याची?

श्रीयुत कलम ६५ यांस,
महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९



मुलुंड पश्चिमेला पाच रस्त्याजवळ भांड्यांच्या दुकानात वीस लिटरचं स्टीलचं पातेलं मागितलं, की दुकानदार विचारतो, घरी कार्य आहे का? तुम्ही विचारता, हेतू काय? पावभाजीचा असेल तर ते भांडं, बिअरचा असेल तर गुन्ह्याचं साधन. परवान्याशिवाय मद्य बनवणं तर सोडाच, त्या हेतूने साहित्य आणि भांडी जवळ बाळगणंही तुमच्या लेखी गुन्हाच. पातेल्याच्या मनातलं ओळखणारा कायदा आम्हाला लाभला, हे आमचं केवढं भाग्य!

ज्याला तुम्ही घाबरता ते नेमकं काय आहे, ते आज ऐकून घ्या. घरी बिअर करण्याची एक सोपी पद्धत ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी रुळवली. त्यात एक पातेलं आणि एक जाळीची पिशवी एवढंच लागतं. दहा लिटर बिअरला साधारण अडीच किलो भरडलेला बार्लीचा माल्ट धरतात. सगळं पाणी आणि सगळं धान्य एकाच भांड्यात मावायला हवं, म्हणून पातेलं दुप्पट, म्हणजे वीस लिटरचं घ्यायचं. बूड जाड हवं. पातळ बुडाला आच एका जागी लागते आणि तळ करपतो. ६५ ते ६८ अंशांवर तासभर माल्ट मुरला, की धान्यातल्या पिठुळाची साखर होते. तापमान त्याहून बरंच वर गेलं तर हे काम करणारी विकरं मरतात. जाड भांडं आणि घट्ट झाकण तासभर ऊब धरून ठेवतात, म्हणून भांडं निवडताना घाई नको.

पिशवीचं काम त्याहून नाजूक. श्रीखंडाच्या चक्क्यासाठी पुरचुंडी टांगतो, तशीच हीही उचलून निथळायची असते. पण पंच्याचं घट्ट विणीचं कापड इथे तुंबतं, आणि मच्छरदाणीच्या जाळीतून सगळं पीठ खाली उतरतं. पडद्याचं पॉलिएस्टर व्हॉइल नेमकं मधलं. शिंप्याकडून पिशवी पातेल्याच्या आतल्या घेराच्या मापाची शिवून घ्यावी, म्हणजे धान्य मोकळं राहतं. शिवण दुहेरी हवी, कारण भिजलेला माल्ट वजनाला जवळजवळ दुप्पट होतो. गॅस पेटता असताना पिशवी बुडाला टेकू नये, म्हणून तळाशी स्टीलची जाळी ठेवायची. पिशवी काढल्यावर रस हॉप्स घालून उकळायचा, थंड करायचा, यीस्ट सोडायचं. मुंबईच्या उकाड्यात ते वीस अंशांच्या आसपास ठेवणं हीच खरी कसोटी.

या साऱ्यात ऊर्ध्वपातनाची भट्टी कुठे दिसली तुम्हाला?

भीती विषाची असेल, तर तेही ऐका. डिसेंबर २००४ मध्ये, आमच्यापासून चार-पाच स्थानकांवरच्या विक्रोळीत विषारी दारूने ८०हून अधिक माणसं गेली. जून २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक. दोन्ही वेळा तुम्ही पूर्ण ताकदीनिशी पुस्तकात होतात. माणसं मारली ती मिथेनॉलने, कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या विषाने. बार्लीच्या पिशवीतून ते येत नाही. त्या घरांमधली चूल विझली, ती स्वस्त नशेच्या धंद्यामुळे. ज्यांनी विष पोहोचवलं त्यांच्यावर उगारायची तुमची तीच तलवार हौशी माणसाच्या पातेल्यावरही टांगलेली आहे, याचा मला संताप येतो.

तुमचा जन्म झाला तेव्हा मोरारजी देसाई मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते आणि दारूबंदी ही निष्ठेची गोष्ट होती. त्या निष्ठेचा मान राखू. पण तुमच्याच राज्याने २००१ मध्ये द्राक्षांच्या वाइनसाठी धोरण आणलं आणि २००९ मध्ये पुण्यात डुलालीची छोटी ब्रुअरी उभी राहिली. धंदा म्हणून केलं तर उद्योग, घरी दहा लिटर केलं तर अपराध! ब्रिटनने घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ मध्येच काढली. अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा बदलला आणि दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनची, म्हणजे सुमारे ७५७ लिटरची मुभा दिली. विकायची मात्र नाही.

आम्हाला ७५७ लिटर नकोत. महिन्याला दहा लिटर, एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला, साध्या नोंदणीवर. विक्रीला बंदी, ऊर्ध्वपातनाला बंदी, आणि ती मोडली तर कडक शिक्षा, आमचा पूर्ण पाठिंबा. तुमच्यात दुरुस्ती करायला विधानसभेला एक अधिवेशन पुरेसं आहे. ती होईपर्यंत पाच रस्त्यावरचं ते पातेलं दुकानातच राहील, कारण मी कायदा पाळतो. पण तुम्ही बदलावं म्हणून आमच्या आमदारांना पत्र लिहिणं मी थांबवणार नाही.

आपला,
मुलुंडचा एक रहिवासी