चौदा भागांचं माहेर

खरा चाहता स्तुती करत नाही. स्तुती करणारा माणूस पहिल्या भागावर असतो. दुसऱ्या-तिसऱ्या भागापर्यंत तो भेटेल त्याला "काय भारी आहे हो!" सांगत सुटतो. पुढे सातव्या-आठव्या भागाच्या मध्यावर कुठेतरी त्याच्या कपाळाला आठी पडते. "अहो, चाललंय काय या माणसाचं? शंभर पानं झाली, अजून यांचे तंबूच ठोकून होईनात!" असं तो करवादला की समजावं, हा आता आपल्यातला झाला.

आमचा पंथ रॉबर्ट जॉर्डनच्या 'द व्हील ऑफ टाइम'चा. चौदा भाग, वर एक पूर्वकथा. पहिला भाग १९९० साली आला, शेवटचा २०१३च्या जानेवारीत. शब्दसंख्या ४४ लाखांच्या घरात आणि नावानिशी येणारी पात्रं अडीच हजारांहून जास्त. बेला नावाची एक जाडजूड, केसाळ घोडी पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत मुकाट चालत राहते. ही बेला म्हणजे प्रत्यक्ष जगन्नियंताच आहे, असं मानणारे चाहते जगभर आहेत. आम्ही महिन्यातून एखाद्या रविवारी माटुंग्याला एका उडप्याकडे जमतो, तिथेही या मताचे लोक आहेत. ते बाकी व्यवहारात शहाणे आहेत.

आमच्यात एक सीएकाका आहेत, वय ६८. एक डॉक्टरीणबाई आहेत, मुलुंडला दवाखाना चालवतात. मी डोंबिवलीहून येते. भाचा हिंजवडीत नोकरीला आहे, तो फोनवरून. एरवी आम्हा चौघांना एका टेबलावर बसवण्याचं धाडस कुणी वधूवरसूचक मंडळानेही केलं नसतं. पण डॉक्टरीणबाई पहिल्यांदा दिसल्या तेव्हा दादर स्टेशनच्या बाकावर त्यांच्या मांडीत दहावा भाग होता आणि चेहऱ्यावर भयंकर वैताग. मी नुसतं "दहावा का?" विचारलं. त्या म्हणाल्या, "काही घडतच नाहीये हो!" झाली ओळख.

या कुरकुरीचं माहेरासारखं असतं. भाऊ कंजूष आहे, वहिनी आमटीत पाणी घालते, हे सगळं लेकीने बोलावं. जावयाने नुसता हुंकार भरून बघावा! माझ्या नवऱ्याने एकदा पहिल्या भागाची शंभरेक पानं वाचली आणि म्हणाला, "हे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च की. खेड्यातली पोरं, काळे घोडेस्वार, वाट दाखवायला एक मांत्रिक. फक्त इथे बाई आहे." यातला शब्दन् शब्द खरा आहे. वाचकाला ओळखीच्या वाटेने आत आणायचं म्हणून सुरुवात मुद्दाम टोलकीनच्या वळणाची ठेवली, हे खुद्द जॉर्डननेच सांगून ठेवलंय. आम्ही आपसात हेच रोज बोलतो. पण नवऱ्याला त्या रात्री मी भाजी गरम करून दिली नाही.

सासूबाईंचं मत त्याहून अवघड. काय एवढं वाचतेस म्हणाल्या, तेव्हा मी उत्साहाने सांगायला बसले. काळ हे चाक आहे. त्याला सात आरे, म्हणजे सात युगं. एक युग जातं, दुसरं येतं, फिरून पहिलं येतं. पृथ्वीवर अंधार माजला की तोच वीर पुन्हा जन्म घेतो. त्यांनी शेंगा सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग यात नवीन काय?" आता काय सांगणार! ही कल्पना हिंदू पुराणांतून घेतल्याचं जॉर्डनने कधी लपवलं नाही. चार्ल्स्टन नावाच्या अमेरिकन गावात वाढलेल्या, व्हिएतनामच्या लढाईत हेलिकॉप्टरवर बंदूक चालवून आलेल्या आणि मग पदार्थविज्ञान शिकलेल्या माणसाला ती जितकी नवी वाटली, तितकी आमच्या स्वयंपाकघराला वाटेना. शिवाय त्या जगात दुष्टांच्या धन्याचं खरं नाव 'शैतान'. ते नुसतं उच्चारलं तरी घरावर संकट येतं, म्हणून शूर माणसंही ते तोंडातून काढत नाहीत. आमच्या घरी नातू दूध प्यायला बसला की सासूबाई पाचेक मिनिटांत ते मोठ्याने काढतात.

नवा वाचक ओढून आणणं हे या पंथातलं मोठं पुण्यकर्म, आणि त्यात खोटं बोलायला पूर्ण मुभा आहे. चौदा हा आकडा आधी सांगायचा नाही. काका सरळ "तीन-चार भाग आहेत" म्हणतात. ते साफ खोटंही नाही, कारण प्रकाशकाशी पहिलं बोलणं झालं तेव्हा जॉर्डनच्या डोक्यात तीनच भाग होते म्हणे. प्रकाशक जाणता होता, त्याने सहांचा करार केला. पुढे सगळ्यांचाच नाइलाज झाला. आमच्या काळी फाउंटनच्या फुटपाथवर हे भाग मिळायचे. काळं कव्हर, त्यावर चाकात अडकलेला साप, मणक्यावर सेलोटेप. मिळायचे ते क्रमाने नाही. सहावा असायचा, दुसरा नसायचा. विक्रेता म्हणायचा, "घ्या ना ताई, गोष्ट सेमच आहे." सातव्या ते दहाव्या भागांबद्दल त्याचं म्हणणं आम्हाला पुढे पटलं.

भाच्याला मी असाच ओढला. चौथा भाग येईपर्यंत धीर धर, एवढंच सांगितलं होतं. त्या भागात वाळवंटातल्या एका ओसाड शहरात काचेच्या खांबांचं रान आहे. रँड, म्हणजे आमचा नायक, त्यातून चालत जातो. पुढे टाकलेल्या प्रत्येक पावलागणिक तो मागच्या एकेका पूर्वजाच्या डोळ्यांतून बघू लागतो. आधी एक, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्याही आधीचा. आपण नातवाचं वैर आधी वाचतो आणि त्याचं कारण दोन पिढ्यांनंतर, म्हणजे दोन पिढ्या आधी, सापडतं. समोर भाल्याशिवाय श्वास न घेणारी एक कडवी जमात उभी असते, आणि त्या खांबांच्या तळाशी तिच्याबद्दल जे हाती लागतं... जाऊ दे. इथे फोडलं तर काका माझ्या वाटणीचा रसम वडा खातील. ते प्रकरण संपलं की लगेच फोन करायचा, असा डॉक्टरीणबाईंचा दंडक आहे. भाच्याचा फोन रात्री दीड वाजता आला. बराच वेळ तो नुसता "मावशी... मावशी..." करत होता. नवरा दचकून उठला, त्याला वाटलं कोणीतरी गेलं.

एवढं सुंदर प्रकरण, पण त्यावर आम्ही जमून किती बोलतो? दहा मिनिटं. चांगल्या गोष्टीवर बोलणार काय? सगळे माना डोलावतात आणि फिल्टर कॉफी मागवतात. खरा रंग भरतो तो खुपणाऱ्या जागांवर. नायनीव राग आला की वेणी ओढते, म्हणजे बहुतेक प्रत्येक पानावर ओढते. त्या हिशेबाने चौदाव्या भागापर्यंत तिला टक्कल पडायला हवं होतं, हे डॉक्टरीणबाईंचं वैद्यकीय मत. रँड, मॅट आणि पेरिन हे तिघे जिगरी दोस्त. बायकांशी कसं बोलावं हे बाकीच्या दोघांना बरोबर कळतं, असं तिघांपैकी प्रत्येकाला वाटतं. काका म्हणतात, एवढ्या एका निरीक्षणासाठी जॉर्डनला बाकीचं सगळं माफ.

सगळं म्हणजे फैलचं अपहरणसुद्धा? तिथे मात्र डॉक्टरीणबाई उसळतात. पेरिनच्या बायकोला शत्रू पळवतात ते आठव्या भागात, १९९८ साली. ती सुटते अकराव्यात, २००५ साली. "तेवढ्यात माझं एमडी झालं, लग्न झालं, पोरगा बालवाडीत गेला. हा आपला बर्फात माग काढतोय!" आणि दहावा भाग तर आमचा अक्षय ठेवा. नवव्याच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते. खरोखर प्रचंड, पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभं राहावं अशी. मग २००३ साली दहावा येतो आणि त्यात पानंच्या पानं लोक दूरवरून त्या घटनेचा झोत बघत "हे काय बरं असेल?" करत बसतात. या एका भागावर आमचे पूर्ण रविवार गेलेत. त्याच्यावर इतकं प्रेम दुसऱ्या कुणी केलं नसेल, कारण त्याच्यावर इतकं कुणी चिडलंच नसेल.

काकांचं दुखणं वेगळं. पाचव्या भागाच्या अखेरीस, म्हणजे १९९३ साली, अ‍ॅस्मोडियन नावाचा एक खलपुरुष दार उघडतो, समोरच्याला ओळखतो, दचकतो आणि मरतो. समोर कोण होतं ते लेखक सांगत नाही. जगभरच्या वाचकांनी संशयितांच्या याद्या केल्या, कोण त्या दिवशी कुठल्या शहरात होतं याचे तक्ते मांडले. जॉर्डनला विचारलं की तो म्हणायचा, नीट वाचणाऱ्याला हे उघड आहे. एरवी त्याचं ठरलेलं उत्तर 'राफो', म्हणजे वाचत राहा, कळेल. लोक वाचत राहिले. उत्तर मिळालं २०१० साली, १७ वर्षांनी, तेराव्या भागात. तेही गोष्टीत नाही. पुस्तकाच्या पाठीमागे नावांची आणि शब्दांची सूची असते, तिच्यात एका नोंदीत, जाता जाता.

काकांनी त्याआधी दुसऱ्याच एका पात्रावर खून पुराव्यानिशी शाबीत केला होता. हिरव्या लेजरबुकात, लाल शाईने. सूची वाचून ते टेबलावर मूठ आपटत म्हणाले, "नोट्स टू अकाउंट्समध्ये लपवलं! इतकी वर्षं ऑडिट केलंय मी. ज्याला ताळेबंदात दाखवायची लाज वाटते, ते माणूस नोट्समध्ये घालतो!" ते लेजरबुक अजून त्यांच्या पिशवीत असतं. सूची त्यांनी आजतागायत मान्य केलेली नाही.

त्या वेळी भांडायला जॉर्डन मात्र उरला नव्हता. रक्ताच्या एका दुर्मीळ आजाराने १६ सप्टेंबर २००७ ला तो गेला. बारावा भाग शेवटचा असेल आणि एकाच पुस्तकात बसेल, मग त्यासाठी बांधणीची नवी पद्धत शोधावी लागली तरी बेहत्तर, असं तो म्हणत राहिला होता. शेवटचे महिने त्याने जमेल तेवढं सांगून, लिहवून ठेवलं. हॅरिएट मॅक्डूगल ही त्याची बायको, आणि संपादकही तीच. नवऱ्याच्या वाक्यांवर रोज लाल पेन्सिल चालवून टिकलेला संसार, याबद्दल आमच्या टेबलावर फार आदर आहे. तो गेल्यावर ब्रँडन सँडरसन नावाच्या एका तरुण लेखकाने श्रद्धांजलीपर काही लिहिलं, ते हॅरिएटच्या वाचनात आलं. सँडरसन पोरवयापासून ही पुस्तकं वाचत वाढलेला, म्हणजे आपल्यातलाच. तिने त्याला फोन केला.

पंथातल्या माणसाच्या हाती गाभाऱ्याची किल्ली! आम्हाला भरून आलं, सुमारे आठवडाभर. मग त्या एका पुस्तकाची तीन झाली. शेवटच्या भागात शेवटच्या लढाईचं एकच प्रकरण दोनशेच्या आसपास पानांचं निघालं. काकांनी बोटं मोडायला सुरुवात केली, "मॅटचे विनोद मॅटसारखे वाटत नाहीत." गंमत म्हणजे सँडरसनने स्वतःही हे पुढे कबूल केलं. कुरकुर मान्य करणारा लेखक मिळाल्यावर कुरकुरीत मजा राहत नाही, म्हणून आम्ही तो विषय सोडला.

या पुस्तकांवरच्या टीव्ही मालिकेचंही तेच. २०२१ साली ती आली. पहिल्याच भागात पेरिनला पुस्तकात नसलेली दुसरीच बायको देऊन लगेच त्याच्याच हातून मारलेली पाहिली, आणि आम्ही टीव्हीकडे पाठ केली. म्हणजे खुर्ची वळवली, कान तिकडेच. प्रियांका बोस अलाना झाली तेव्हा भाच्याने उगाचच सगळ्यांचं अभिनंदन केलं. तीन हंगाम शिव्या घालत, एकही न चुकवता पाहिले. मे २०२५मध्ये मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा ती वाचवा म्हणून जे अर्ज निघाले त्यांवर सह्या करणाऱ्यांत डॉक्टरीणबाई पुढे होत्या. "अहो, तुम्हीच तर म्हणायचात, बघवत नाही!" मी म्हटलं. "बघवत नव्हतीच," त्या म्हणाल्या. "पण म्हणून बंद करायची?"

आता पुढे काय वाचायचं यावर गेल्या रविवारी खल झाला. भाच्याने मार्टिन या लेखकाचं नाव काढताच काका फोनवर ओरडले, "त्याचा पाचवा भाग २०११ला आला, सहाव्याचा पत्ता नाही! उधारी वसूल होत नाही तिथे नवा माल टाकायचा नाही." मग सँडरसनची स्वतःची दहा भागांची माळ निघाली, 'स्टॉर्मलाइट'. पहिला भाग २०१०ला, पाचवा डिसेंबर २०२४ला, एकेक हजाराच्या वर पानांचा. लेखक पन्नाशीचा, ठणठणीत, आणि एका बैठकीत आपण लिहितो त्याहून जास्त रोज लिहिणारा. भाचा म्हणाला, हा नक्की पूर्ण करेल.

काकांनी पिशवीतून पेन काढलं. पाच भागांना १४ वर्षं. पुढच्या पाचांआधी मोठी विश्रांती आहे म्हणतात, ती धरून आणखी निदान २०. त्यांनी कागदी नॅपकिनवर बेरीज मांडली, खाली दोन रेघा मारल्या आणि नॅपकिन डॉक्टरीणबाईंपुढे सरकवला.

"लेखकाची प्रकृती सोडा. माझं सांगा."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. आकडा पाहिला, मग काकांच्या पोटाकडे पाहिलं. "रोज चार किलोमीटर चालणं, मीठ निम्मं, गोड बंद. तर दहावा भाग हाताला लागेल."

काकांनी समोरच्या शिऱ्याकडे बघितलं. "आठव्यापर्यंतच वाचायचं असेल, तर?"

"तर अर्धी वाटी चालेल," बाई म्हणाल्या, आणि वेटरला दोन चमचे आणायला सांगितलं.